खेळलेल्याचा शब्द

पेरू मंडईत दाबून घेता येतो, लुगडे उलगडून त्याचा पोत चिमटीत धरता येतो, आणि पुस्तकाची चार पाने उभ्या उभ्या चाळली म्हणून कोणी दुकानदार फारसा रागावत नाही. व्हिडिओ गेमची गोष्ट निराळी आहे. त्याचे वेष्टन कितीही न्याहाळले तरी आत काय आहे ते कळत नाही. दुसऱ्याला खेळताना पाहिले तरी ते अर्धेमुर्धेच कळते. खेळाची खरी परीक्षा हातात घेतल्यावर होते, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणूनच हा खेळ निर्माण झाल्यापासून त्याच्याबरोबर एक प्रश्नही जन्माला आला : “तू खेळलास ना? कसा आहे?” ह्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास कंपन्यांच्या आणि यंत्रांच्या इतिहासात एखाद्या कोपऱ्यात पडलेला असतो. वस्तुतः ह्या धंद्याचे उत्कर्ष आणि अपकर्ष समजून घ्यावयाचे तर त्या कोपऱ्यातच दिवा धरला पाहिजे.

आरंभी हा प्रश्न विचारण्याची गरजही नव्हती. १९७२ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ नावाच्या मद्यगृहात एक लाकडी पेटी आणून ठेवण्यात आली. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी त्याच वर्षी काढलेल्या अटारी कंपनीतील अ‍ॅलन अल्कॉर्न ह्या तरुण अभियंत्याने ती बनवली होती. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये उडणारा एक ठिपका. हाच तो ‘पाँग’. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न यांनी जाऊन पेटी उघडली, तेव्हा दोष यंत्रात नव्हता. नाणी साठवण्याचे भांडे काठोकाठ भरून वाहत होते. अभिप्राय ह्याहून स्पष्ट शब्दांत कोण देणार? नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांची ही सोय होती की, एकजण खेळे आणि चारजण त्याच्या खांद्यावरून पाहत. आवडला तर आपले नाणे काढावे, नाही तर पुढच्या यंत्राकडे वळावे. फसगत झाली तरी ती एका नाण्यापुरती.

१९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जपानात आला तेव्हा शंभर येनच्या नाण्यांचा देशात तुटवडा पडला, अशी एक कथा पुढे फार रूढ झाली. तिला भक्कम आधार नाही. पण लोकांनी ती इतकी वर्षे आवडीने सांगितली, हाच त्या खेळाच्या लोकप्रियतेचा पुरावा मानावयास हरकत नसावी.

प्रश्न बिकट झाला तो खेळ घरात शिरल्यावर. अटारीने १९७७ साली घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे यंत्र बाजारात आणले. यंत्र एकदाच घ्यावयाचे आणि त्यात निरनिराळ्या खेळांची कार्ट्रिजे खोचावयाची, अशी ही व्यवस्था. आता मद्यगृहातील तो खांदा नाहीसा झाला. दुकानात एका ओळीत खोकी मांडलेली आणि प्रत्येक खोक्यावर कुशल चित्रकाराने रंगवलेले देखणे चित्र. अग्निबाण, राक्षस, धूर, ज्वाळा. घरी जाऊन कार्ट्रिज खोचावे तो पडद्यावर चार चौकोन इकडून तिकडे सरकताना दिसत. चित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्या यंत्राची तेवढीच शक्ती होती आणि उरलेले काम कल्पनेवर सोपवलेले होते. तथापि त्या चार चौकोनांतही काही खेळ रात्र रात्र जागवणारे निघत आणि काही दहा मिनिटांत कंटाळा आणत, आणि हा भेद खोक्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

कोणी ते काम करावयाचे? न्यूयॉर्कमधील आर्नी कॅट्झ, बिल कुंकेल आणि जॉइस वर्ली ह्या तिघांनी ते अंगावर घेतले. एका व्हिडिओविषयक मासिकातील सदरापासून त्यांनी प्रारंभ केला आणि १९८१ साली ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे केवळ ह्या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. नाटकाचे परीक्षण करावे तसे खेळाचे परीक्षण करता येते, ही कल्पना तेव्हा पुष्कळांना हास्यास्पद वाटली असेल. दुसरी एक वाट १९७९ मध्ये अटारी सोडून गेलेल्या चार प्रोग्रॅमरांनी दाखवली. अटारीत खेळ रचणाऱ्याचे नाव कोठेही छापत नसत. ह्या मंडळींनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ नावाची कंपनी काढली आणि खेळाबरोबर रचनाकाराचे नाव देण्यास सुरुवात केली. एखाद्याचा पहिला खेळ आवडला तर त्याचाच दुसरा निःशंकपणे घ्यावा, एवढा आधार त्यामुळे ग्राहकाला मिळाला.

परंतु अ‍ॅक्टिव्हिजनचे यश पाहून जो तो ह्या धंद्यात उतरला. न्याहारीचे ओट विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा १९८२ साली व्हिडिओ गेमची एक कंपनी विकत घेतली! दुकानांच्या फळ्या खेळांच्या ओझ्याने वाकल्या. त्याच वर्षी दोन मोठे प्रसंग घडले. नाण्यांच्या यंत्रांवर जगभर गाजलेल्या ‘पॅकमॅन’ची घरगुती आवृत्ती अटारीने आणली. ती लाखोंनी खपली, पण त्यातील भुते सारखी लुकलुकत आणि मूळच्या चक्रव्यूहाचा केवळ सांगाडा उरला होता. लोकांनी नाव पाहून खोके घेतले होते आणि नावानेच त्यांना फसवले. पाठोपाठ स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ चित्रपटावरील खेळाचे हक्क अटारीने भारी किमतीला घेतले. हक्कांचा व्यवहार जुलैअखेर उरकला आणि माल नाताळाला दुकानात हवा होता. एरवी ज्या कामाला सहा-सहा महिने लागत, ते हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्या एकट्या प्रोग्रॅमरने सुमारे पाच आठवड्यांत पुरे करून दिले. पडद्यावरचा तो परग्रहवासी जीव पदोपदी खड्ड्यात पडे, आणि एका खड्ड्यातून वर काढावा तो दुसऱ्यात. ज्या मुलांनी नाताळाची भेट म्हणून हाच एक खेळ मागून घेतला होता, त्यांची सुट्टी कशी गेली असेल त्याची कल्पना करता येते.

ह्या वेळी मात्र खेळलेल्यांचा शब्द दुकानाच्या जाहिरातीपेक्षा वेगाने धावला. न खपलेली कार्ट्रिजे परत येऊ लागली. बुडत्या कंपन्यांनी आपला माल मातीमोल भावाने विकावयास काढला, आणि पाच डॉलरांच्या ढिगाऱ्याशेजारी तीस डॉलरांचा चांगला खेळ तसाच पडून राहू लागला, कारण दोहोंतला फरक ग्राहकाला सांगणारे कोणी नव्हते. १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलरांची मानली जाणारी अमेरिकेतील ही उलाढाल १९८५ पर्यंत जेमतेम १० कोटींवर आली, असे सांगतात. बेसुमार उत्पादन, घरगुती संगणकांची स्पर्धा अशी ह्या पडझडीची इतर कारणेही आहेत आणि ती खोटी नाहीत. पण मुळाशी पाहिले तर, घेणाऱ्याला चांगले-वाईट निवडण्याचे साधन न देता त्याच्याकडून वर्षानुवर्षे पैसे घेता येतील हा विक्रेत्यांचा समज ह्या वेळी उघडा पडला. १९८३ च्या सप्टेंबरात अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत ट्रक भरभरून कार्ट्रिजे पुरली आणि वरून काँक्रीट ओतले.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये, ह्याच सुमारास चित्र वेगळे होते. तेथे १९८२ साली निघालेल्या ‘स्पेक्ट्रम’ ह्या स्वस्त संगणकावर मुले खेळत. खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटींवर मिळत. श्रॉपशर परगण्यातील लडलो हे एक जुने, किल्ल्याचे, लहानसे गाव. तेथून १९८४ मध्ये ‘क्रॅश’ नावाचे मासिक निघू लागले. त्याच्या चालकांनी एक साधी युक्ती केली. खेळांचे परीक्षण करण्यासाठी विद्वान शोधण्याऐवजी त्यांनी गावच्या शाळेतील मुलांना बोलावले. शाळा सुटली की पोरे येत, खेळत आणि मत देत. एकाच खेळावर तिघांची मते छापली जात, ती कित्येकदा एकमेकांशी जुळत नसत, आणि वाचणाऱ्याला त्यातच गोडी वाटे. तीन मुलांत एकाला आवडला व दोघांना नाही, हे कळल्यावर आपण त्या एकासारखे आहोत की दोघांसारखे, एवढेच ठरवावयाचे उरते. अधिकारी समीक्षकांनाही सहसा न साधणारी ही गोष्ट आहे.

जपानात हा संवाद छापील पानापर्यंत येण्याआधी वह्यांतून चाले. १९८४ साली ‘नामको’ कंपनीने मासानोबू एन्दो यांचा ‘टॉवर ऑफ द्रुआगा’ हा खेळ आणला. साठ मजल्यांचा मनोरा आणि त्याच्या मजल्यामजल्यांवर दडवलेले धन. ते कसे प्रकट होते ह्याची एका शब्दानेही सूचना नाही. एखाद्या मजल्यावर अमुक शत्रू अमुक क्रमाने मारावे लागत, तर दुसऱ्यावर आणखी काही विचित्र कृती करावी लागे. एकट्याने हे सारे हुडकावयाचे म्हटले तर खिशातली नाणी आणि आयुष्याची वर्षे दोन्ही अपुरी पडावीत. तेव्हा त्या यंत्रांच्या दुकानांत एक वही ठेवलेली असे. ज्याला जे सापडे ते तो तीत लिहून ठेवी. दुसऱ्या दिवशी कोणी अनोळखी येऊन ते वाची, पडताळून पाही आणि पुढच्या मजल्याची भर घाली. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मिळून तो मनोरा सर केला. खेळ इतका गूढ ठेवण्यात एन्दो यांचा हेतूच तो होता.

तोक्योच्या माचिदा ह्या उपनगरात वाढलेला सातोशी ताजिरी हा मुलगा ह्याच वातावरणातला. लहानपणी त्याला किडे पकडून जमवण्याचा छंद होता. शेतांच्या आणि तळ्यांच्या जागी इमारती उठल्या, किडे गेले, आणि मुलगा यंत्रांच्या दुकानात जाऊन बसू लागला. १९८३ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे एक हस्तलिखित काढले. स्वतः खेळलेल्या खेळांविषयीचे अभिप्राय, जिंकण्याच्या युक्त्या, छुप्या जागा हे सारे हाताने लिहावयाचे, प्रती काढावयाच्या आणि पाने टाचून विकावयाची. त्यातील एक अंक केन सुगिमोरी नावाच्या चित्रे काढणाऱ्या तरुणाच्या हाती पडला. त्याला तो इतका आवडला की पुढील अंकांची चित्रे तोच काढू लागला. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून निघणाऱ्या हस्तलिखितांचे आयुष्य बहुधा एका स्नेहसंमेलनापुरते असते. ह्या हस्तलिखिताचे पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

जपानात स्थायिक झालेले हेंक रॉजर्स ह्या मूळच्या डच गृहस्थांनी १९८४ च्या आरंभी ‘ब्लॅक ऑनिक्स’ हा खेळ बाजारात आणला. त्यात खेळणारा स्वतःचे एक पात्र निर्माण करून त्याच्या रूपाने साहसे करतो. आज पोरासोरांना ठाऊक असलेला हा प्रकार तेव्हा जपानी ग्राहकाला सर्वस्वी अपरिचित होता. जाहिरातींवर खर्च केला, तरी खप होईना. तेव्हा रॉजर्स एक दुभाषा बरोबर घेऊन मासिकांच्या कचेऱ्यांतून हिंडले. प्रत्येक संपादकाला संगणकापुढे बसवावे, त्याचे नाव विचारावे, त्याच नावाचे एक पात्र तयार करून द्यावे आणि त्याला खेळू द्यावे, एवढेच त्यांनी केले. संपादक खेळले, त्यांनी आपले अनुभव छापले आणि खेळ विकला जाऊ लागला. जे जाहिरातीला जमले नाही ते खेळलेल्या माणसाच्या शब्दाने केले, हा धडा रॉजर्स विसरले नाहीत. चार वर्षांनी अमेरिकेत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ते एका साध्याशा खेळापुढे रांगेत उभे राहिले; खेळून झाल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी गेले, आणि असे अनेकदा केले. तो खेळ मॉस्कोहून आला होता.

मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह नोकरीस होते. १९८४ साली त्यांनी फावल्या वेळात, पाच चौकोनांचे तुकडे जुळवण्याच्या एका जुन्या कोड्यावरून, चार-चार चौकोनांच्या सात आकृत्यांचा खेळ रचला. आकृत्या वरून पडतात, फिरवून बसवावयाच्या. ओळ भरली की नाहीशी होते. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ ह्या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून चौकोन कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. दमित्री पावलोव्स्की हे सहकारी आणि वादिम गेरासिमोव्ह हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा यांच्या साहाय्याने त्याची रंगीत आवृत्ती आयबीएम संगणकावर तयार झाली. ‘टेट्रिस’ विकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सोव्हिएत व्यवस्थेत असा खाजगी व्यापार करण्याची मुभा नव्हती. खोके नाही, चित्र नाही, जाहिरात नाही, किंमतही नाही. एकाने फ्लॉपीवर नक्कल करून दुसऱ्याला द्यावी आणि “हे बघ जरा” म्हणावे, एवढाच त्याचा प्रसार. मॉस्कोतील संस्थांमागून संस्था त्याने ग्रासल्या. पाजित्नोव्ह यांचे मित्र व्लादिमिर पोखिल्को हे मानसशास्त्रज्ञ एका वैद्यकीय संस्थेत काम करीत. तेथे टेट्रिसच्या पायी कामे ठप्प झाल्यावर त्यांनी सगळ्या नकला शोधून पुसून टाकल्या, असे सांगतात. अर्थात नव्या नकला यावयास वेळ लागला नाही.

१९८६ मध्ये रॉबर्ट स्टाइन ह्या व्यापाऱ्याने तो बुडापेस्टमध्ये पाहिला आणि तेथून हक्कांची जी गुंतागुंत सुरू झाली, तिच्यात शिरण्याचे येथे कारण नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत रॉजर्स स्वतः मॉस्कोला गेले आणि परदेशी व्यवहार पाहणाऱ्या सरकारी कचेरीकडून त्यांनी हातात धरावयाच्या यंत्राचे हक्क मिळवून आणले. निन्तेंदोच्या नव्या ‘गेम बॉय’बरोबर कोणता खेळ द्यावा ह्याविषयी त्या कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखांना, मिनोरू अराकावा यांना, त्यांनी सांगितले की, मुलांनाच यंत्र विकावयाचे असेल तर तुमचा मारिओ द्या, सर्वांना विकावयाचे असेल तर टेट्रिस द्या. अराकावांनी ते मानले आणि गेम बॉयवर टेट्रिसच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती गेल्या. पाजित्नोव्ह यांना मात्र आपल्या खेळाचे मानधन मिळू लागावयास १९९६ साल उजाडावे लागले.

अमेरिकेतील पडझड पाहून शहाण्या झालेल्या निन्तेंदोने आपली यंत्रे तेथे नेताना प्रत्येक खेळावर पसंतीचा शिक्का आणि बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला ठराविक खेळांची मर्यादा असे कडक नियम घातले. १९८८ पासून तिने ‘निन्तेंदो पॉवर’ हे स्वतःचे मासिकही काढले. त्यात विकणारा आणि परीक्षण करणारा एकच असल्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी फार बोलू नये. जपानात १९८६ साली निघालेल्या ‘फामित्सू’ नियतकालिकाची पद्धत ह्याहून बरी होती. तेथे एकाच खेळाला चारजण प्रत्येकी दहापैकी गुण देत. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला खेळ निघावयास १९९८ साल यावे लागले, ह्यावरून त्या चौघांचा हात किती आखडता होता ते दिसेल.

माचिदाच्या त्या हस्तलिखिताकडे आता वळता येईल. इतरांच्या खेळांवर वर्षानुवर्षे अभिप्राय लिहिता लिहिता ताजिरी यांना वाटू लागले की, चांगल्या खेळांची वाट पाहण्यापेक्षा ते आपणच करावेत. १९८९ साली हस्तलिखिताच्याच नावाची कंपनी निघाली. एका गेम बॉयला दुसरा जोडण्याची तार त्यांनी पाहिली आणि त्या तारेवरून एक किडा चालत पलीकडे जातो आहे असे त्यांच्या मनात आले. त्या कल्पनेला खेळाचे रूप देण्यात सहा वर्षे गेली, पैसा संपत आला आणि काही सहकारी सोडून गेले. १९९६ च्या फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’ दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला. त्यातील प्राण्यांची चित्रे सुगिमोरी यांनीच काढली. दोन आवृत्त्यांपैकी एकीतही सगळे प्राणी नव्हते. संग्रह पुरा करावयाचा तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र गाठून, तार जोडून, देवघेव करणे भागच होते. त्यातच शिगेकी मोरिमोतो ह्या प्रोग्रॅमरने, अगदी शेवटी मोकळ्या झालेल्या थोड्याशा जागेत, ‘म्यू’ नावाचा एक प्राणी गुपचूप घालून ठेवला होता. असा एक प्राणी आहे अशी कुजबुज शाळाशाळांतून पसरली. एका मुलांच्या मासिकाने तो केवळ वीस वाचकांना देण्याचे जाहीर केले, तेव्हा पत्रांचा पाऊस पडला. गेम बॉय तोवर जुना झाला होता. मुलांच्या बोलण्याने त्याला पुन्हा तारुण्य आले.

मात्र खेळलेल्याचा शब्द पुढे न खेळलेल्यांच्या तोंडी गेला म्हणजे त्याचे काय होते, ह्याचे उदाहरण अलामोगोर्डोच्या काँक्रीटखाली तीस वर्षे पडून होते. ‘ई. टी.’ हा जगातला सर्वांत वाईट खेळ, असे वाक्य यादीमागून यादीत उतरत गेले. ते उतरवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो कधी हातात धरला नसावा. ज्यांनी नंतर शांतपणे खेळून पाहिला त्यांपैकी काहींना तो अपुरा, पण कल्पक वाटला. ह्याच वॉरशॉ यांनी त्याआधी ‘यार्स रिव्हेंज’ हा त्या यंत्रावरील उत्तम खेळांपैकी एक रचला होता, हे त्या वाक्यात कोठेच येत नसे. एका संपूर्ण धंद्याच्या नाशाचा बोल एका माणसाच्या पाच आठवड्यांवर ठेवण्यात आला. वॉरशॉ यांनी तो धंदा सोडला आणि कालांतराने ते मानसोपचाराचे काम करू लागले.

२६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा खणण्यात आली. धुळीच्या वादळातही माणसे दुरून येऊन उभी होती. अटारीच्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे तेथे सात लाखांहून अधिक कार्ट्रिजे पुरलेली होती आणि ती एकाच खेळाची नव्हती. त्यांत खपलेले, गाजलेले खेळही होते. त्यांपैकी सुमारे १३०० वर काढण्यात आली आणि ‘ई. टी.’चे एक कार्ट्रिज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले गेले. पहिले कार्ट्रिज वर आले तेव्हा वॉरशॉ तेथे हजर होते. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.